जर्मनीत मुलांसाठी शाळा कशी निवडलीत? अनुभव हवे आहेत

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून स्टुटगार्टला जातोय. नवऱ्याचा करार तीन वर्षांचा आहे, पुढे वाढेल की नाही ते आज कुणीच सांगू शकत नाही. मुलगी नऊ वर्षांची, इथे चौथीत आहे. मुलाला फेब्रुवारीत पाच पूर्ण झाली. ओळखीत विचारलं तर अर्धे म्हणतात इंटरनॅशनलशिवाय पर्याय नाही, अर्धे म्हणतात सरकारी जर्मन शाळेतच घाला, मुलं सहा महिन्यांत बोलायला लागतात. मला मतं नकोत, अनुभव हवेत. मूल किती वर्षांचं होतं, कोणती शाळा घेतलीत, काय चुकलं, आणि आज पुन्हा ठरवायचं असतं तर काय केलं असतं? ज्यांचं मूल रुळलं नाही त्यांनीही कृपया लिहावं.

म्युनिक

आम्ही २०१६ मध्ये आलो तेव्हा लेक आठ वर्षांची होती. सरकारी शाळेत निवड अशी नसतेच, घराचा पत्ता ठरला की शाळा ठरली. तिला तिसरीच्या नेहमीच्या वर्गात बसवलं आणि आठवड्याला काही तास वेगळं जर्मन शिकवायचे.

पहिले पाच महिने ती वर्गात एक शब्द बोलली नाही. घरी आली की मात्र अखंड बडबड, सगळी मराठीत. मी रोज रात्री नवऱ्याला म्हणायचे, आपण हिचं नुकसान करतोय. तिच्या बाईंनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की ती ऐकतेय, तिला ऐकू द्या. ते खरं होतं. फेब्रुवारीत एकदम वाक्यंच्या वाक्यं बाहेर पडली.

गणितात ती हुशार, तरी सुरुवातीला उत्तरं चुकायची. का ते वही बघितल्यावर कळलं. इथे १ लिहिताना वर लांब तिरकी रेघ काढतात, तो तिला ७ वाटायचा. भागाकाराचं चिन्ह म्हणजे नुसते दोन टिंब. दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम. आणि आकडे उलटे बोलायचे: पंचवीसला 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश', म्हणजे पाच आणि वीस. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलीला हे जमेना. शेवटी फोनवर माझ्या आईने सोडवलं. ती म्हणाली, अगं, पंच-वीस, सव्वीस, सत्तावीस, आपलंही आधी एकम आणि मग दशकच आहे की! त्या दिवसापासून लेक आकडा आधी मराठीत म्हणायची आणि मग जर्मनमध्ये. महिन्याभरात प्रश्न मिटला.

आता चुकलेलं सांगते. बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात एक प्रगतिपुस्तक मिळतं, त्यावर मुलाची पुढची शाळा ठरते. इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे नापास. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. लेकीची आली २.६६. दहा वर्षांच्या मुलीला जर्मन शिकून जेमतेम दीड वर्ष झालं होतं! जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती आणि ज्यांची मातृभाषा वेगळी आहे, त्यांचं जर्मन सुधारण्यासारखं असेल तर ३.३३ पर्यंतही गिम्नाझियुमसाठी योग्य ठरवता येतं. हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ती सल माझ्या मनात अजून आहे.

पण लेकीचं भलंच झालं. रेआलशूलेत ती खुलली, दहावी चांगल्या गुणांनी झाली आणि आता ती फाखओबरशूलेत आहे, जिथून पुढे उच्च शिक्षणाला जाता येतं. दार एकदा बंद झालं की कायमचं बंद, असं इथे नाही. पण पुन्हा ठरवायचं असतं तर मी तिला एक वर्ष मागे, दुसरीत बसवलं असतं. चौथीच्या आधी भाषेला पुरेसा वेळ मिळणं, एवढंच महत्त्वाचं आहे.

फ्रँकफर्ट

आमचं उलट झालं. करार दोन वर्षांचा, फी कंपनी भरणार, म्हणून सात वर्षांच्या मुलाला इंटरनॅशनल शाळेत घातलं. शाळा उत्तम होती. शिक्षक प्रेमळ, वर्गात वीसेक देशांची मुलं, मुलगा पहिल्या आठवड्यापासून आनंदात. त्या शाळेबद्दल माझी कसलीच तक्रार नाही.

करार वाढला, आणि चौथ्या वर्षी कंपनीने फी थांबवली. वर्षाला वीस हजार युरोच्या वर रक्कम होती, ती आमच्या पगारात बसण्यासारखी नव्हती. मान्यताप्राप्त खासगी शाळेच्या फीपैकी ३० टक्के, जास्तीत जास्त ५००० युरो, करातून वजावट म्हणून दाखवता येतात. त्याने खड्डा भरत नाही. मुलगा सरकारी शाळेत गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता. चार वर्षं जर्मनीत राहून त्याला शेजारच्या मुलाशी चार वाक्यं बोलता येत नव्हती. इथे हेसन राज्यात अशा मुलांसाठी इन्टेन्सिव्हक्लासे, म्हणजे मुख्यतः जर्मन शिकवणारा वर्ग, असतो, तिथे त्याने वर्ष काढलं, नुकत्याच देशात आलेल्या मुलांबरोबर. त्याला त्याचं फार वाईट वाटायचं. "बाबा, मी तर इथे चार वर्षं आहे ना?" असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फुटबॉल क्लबने त्याला सावरलं. मैदानावर व्याकरण कुणी तपासत नाही. त्यामुळे इंटरनॅशनल शाळा घेतलीत तरी मुलाला पहिल्याच महिन्यात गल्लीतल्या क्लबात घाला. आणि फी किती वर्षं मिळणार ते कंपनीकडून लेखी घ्या.

ड्युसेलडॉर्फ

गोवराच्या लसीचे दोन डोस झाल्याची नोंद निघण्याआधीच डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. मार्च २०२० पासून शाळा आणि पाळणाघर दोन्हीकडे हा पुरावा सक्तीचा आहे. आमचं बाळलसीकरणाचं कार्ड सातारच्या घरी कपाटात राहिलं होतं, तीन आठवडे त्यात गेले. घरी शिकवून वेळ काढू, असंही इथे चालत नाही. शाळेत जाणं कायद्याने बंधनकारक आहे.

बर्लिन

माझी मुलगी तेरा वर्षांची असताना आलो. एवढं मोठं मूल घेऊन येणाऱ्यांना सगळे घाबरवतात, म्हणून लिहिते.

बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंत नाही, सहावीपर्यंत असते, पण आमची वेळ त्याच्याही पुढची होती. तिला विलकॉमेन्सक्लासे मिळाला, म्हणजे जर्मन न येणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग. सीरियाची, युक्रेनची, व्हिएतनामची मुलं. पहिल्या दिवशी बाईंनी जगाचा नकाशा लावला आणि प्रत्येकाने आपल्या गावाला टाचणी टोचली. लेकीने कोल्हापूरला टोचली. त्या वर्गात कुणालाच भाषा येत नव्हती, त्यामुळे कुणी कुणाला हसत नव्हतं. वर्षभराने ती इंटेग्रिएर्टे सेकुंडारशूलेत, म्हणजे सगळ्या स्तरांच्या मुलांच्या एकत्र माध्यमिक शाळेत गेली. तिथूनही तेरावीनंतर आबिटूर, म्हणजे विद्यापीठात प्रवेश देणारी शालान्त परीक्षा, देता येतं, गिम्नाझियुमपेक्षा एक वर्ष जास्त मिळतं, आणि तेच तिला हवं होतं.

अडचण वेगळीच निघाली. इथे तोंडी सहभागाला गुण असतात आणि ते भरपूर असतात. वर्गात हात वर करून बोलायचं, शिक्षकांशी असहमत असाल तर तेही सांगायचं. आमच्या मुलीला घरी आणि शाळेत शिकवण बरोबर उलटी. लेखी परीक्षेत २ आणि तोंडीत ४, असं वर्षभर चाललं. मग आम्ही घरी जेवताना ठरवून वाद घालायला लागलो, जर्मनमध्ये, मोडकं तोडकं का होईना.

हॅम्बर्ग

मुलगा दहावीत असताना माझी नोकरी लागली. आम्ही त्याला नाशिकला आजी-आजोबांकडे ठेवला. बोर्डाचं वर्ष, नवी भाषा, हे धाडस झालं नाही. अभ्यासाच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता असं लोक म्हणतात. तो बारावी चांगला झाला.

पण एक गोष्ट आम्हाला तेव्हा नीट समजली नव्हती. नुसत्या भारतीय बारावीवर इथल्या विद्यापीठात थेट प्रवेश मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड तरी हवी, नाहीतर भारतात पदवीचं किमान एक वर्ष, नाहीतर इथे श्टुडिएनकोलेगचं, म्हणजे विद्यापीठपूर्व तयारीचं वर्ष. त्याने ते वर्ष केलं, भाषा तेव्हाच शिकला. म्हणजे जे टाळलं ते तीन वर्षांनी करावंच लागलं. मधल्या काळात तो माझ्यापेक्षा उंच झाला आणि ते मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. त्याचा आवाज फुटला तेव्हा मी तिथे नव्हते. दहावीतलं मूल असणाऱ्यांनी माझ्यासारखं करू नये असं मी म्हणणार नाही, घराघराची परिस्थिती वेगळी. पण ठरवताना फक्त गुणपत्रिका समोर ठेवू नका.

परत पुण्यात

परत येणाऱ्यांचं कुणी लिहिलेलं नाही. आम्ही पाच वर्षं न्युरेंबर्गजवळ होतो, मुलगा सहावीत असताना परतलो. तो जर्मन अस्खलित बोलायचा, मराठीही छान बोलायचा, पण देवनागरी वाचता येत नव्हती. २०२० च्या कायद्यानंतर राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं बंधनकारक झालंय, त्यामुळे सुटका नव्हती. अकरा वर्षांचा मुलगा 'क कमळाचा' गिरवत रडायचा. रोज संध्याकाळी अर्धा तास मराठी वाचन, एवढं जरी तिथे केलं असतं तर हे टळलं असतं. तीन वर्षांसाठी जाताय ना? मग बालभारतीची पुस्तकं सामानात टाकाच.

स्टुटगार्ट

ताई, तुमच्याच गावातून लिहितोय, आठ वर्षं झाली.

मुलाची काळजी करू नका. आपल्या बाडेन-व्ह्युर्टेम्बेर्ग राज्यात ३० जूनपर्यंत सहा पूर्ण झालेली मुलं त्या सप्टेंबरात पहिलीत जातात. म्हणजे तुमच्या लेकाला आधी अख्खं एक वर्ष किंडरगार्टन मिळेल, तेही खेळत. हे वर्ष सोन्यासारखं आहे. जागा मिळणं मात्र कठीण असतं, म्हणून पत्ता ठरल्या दिवशी अर्ज करा.

मुलीसाठी फोरबेराइटुंग्सक्लासे, म्हणजे जर्मन न येणाऱ्या मुलांचा तयारीचा वर्ग, असलेली प्राथमिक शाळा कोणती ते महापालिकेत विचारा आणि त्या भागात घर शोधा. आम्ही घर आधी घेतलं, मग मुलीला रोज दोन ट्राम बदलाव्या लागल्या. म्युनिकच्या ताईंचं मलाही पटतं, तिला तिसरीत बसवता आलं तर बसवा. ती रुसेल, वर्गमैत्रिणी लहान आहेत म्हणेल. आमची दोन महिने रुसली होती.

आणखी एक, पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलांना शूलट्यूटे देतात, मुलाच्या छातीएवढा उंच पुठ्ठ्याचा शंकू, आत खाऊ आणि पेन्सिली. तो बऱ्याच ठिकाणी किंडरगार्टनमध्ये आईवडील मुलांबरोबर बसून बनवतात. आमच्या लेकाच्या शंकूवर आजीने पाठवलेल्या पैठणीच्या काठाची पट्टी आहे, आत चितळेंची बाकरवडी होती. दप्तर नवं घ्यायला गेलात तर दोनशे युरोच्या पुढे जातं. त्याचं जुनं निळं दप्तर अजून धडधाकट आहे, डायनासोरवालं. तुमच्या लेकाला चालणार असेल तर धुऊन ठेवतो.