सहाशे वर्षांचं लाकडी घर ठणठणीत, आपला वाडा दीडशेतच का खचतो?

गोदाकाठचा:
मंडळी, दिवाळीत लेकीकडे इंग्लंडला होतो तेव्हा तिने वेस्ट ससेक्समधलं वील्ड अँड डाउनलँड म्युझियम दाखवलं. तिथे बे-लीफ नावाचं शेतकऱ्याचं घर आहे, पंधराव्या शतकातलं, सगळा सांगाडा ओकचा, मधल्या दालनात जमिनीवरच चूल अन धुराडं नाहीच, वर बघितलं तर वासे काजळीने काळेकुट्ट, मला थेट आजीचं स्वैपाकघर आठवलं. आणि इकडे आमचा नाशिकच्या भद्रकालीतला वाडा, सागाचा, जेमतेम दीडशे वर्षांचा, दोन खांब बुडातून भुसा झालेत. ओक सागापेक्षा भारी असतं का? की आपले सुतारच कमी पडले?

सुताराचा नातू:
सुतारांवर नका जाऊ काका 😀 साग कुठेच कमी नाही, वाळवीही त्याच्या सहसा नादी लागत नाही. त्यांची गंमत जोडात आहे. ओक ओला असतानाच कापायचे, वाळला की छिन्नीला दाद देत नाही. खाचेत दुसऱ्या लाकडाचं टोक बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची, पण भोकं मुद्दाम केसभर मागेपुढे पाडायची, म्हणजे खुंटी आत जाता जाता जोड खेचून घेते. खिळ्याचं कामच नाही. आधी सांगाडा सुताराच्या आवारात आडवा जुळवायचा, तुकड्यांवर रोमन आकडे कोरायचे (सरळ रेघा, छिन्नीला सोप्या), मग सुटा करून जागेवर नेऊन उभा करायचा.

पंचवटीची स्नेहा:
म्हणून तर ते घर हलवता आलं! मूळचं केंटमधलं, तिथे बाव बीचचा जलाशय होणार होता, १९६० च्या दशकात सुटं करून आणलं. कॉलेजात यावर सबमिशन होतं माझं. भिंती म्हणजे आपला कूडच हो, काटक्या विणून वर माती, पेंढा, शेण. आणि घर खणांवरच (दोन खांबांमधल्या गाळ्यांवर) मोजतात तेही.
काका, खांबांच्या बुडाशी सिमेंट आहे का?

गोदाकाठचा:
आहे ना. गिलावा पडत होता म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी ठेकेदाराने कमरेइतकं सिमेंट मारून दिलं, खांबांखालचे दगडी तळखडे पण आत गेले. तेव्हा काय चकाचक वाटलं होतं!

पंचवटीची स्नेहा:
तिथेच घोळ झालाय. लाकूड भिजून परत वाळलं तर त्याला काही होत नाही, माती-चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं. इंग्लंडमधल्याही कित्येक जुन्या घरांची याच सिमेंटने वाट लावलीय, आता तेच खरवडून पुन्हा चुना लावतात. त्यांची खालची आडवी तुळई दगडी जोत्यावर उचललेली असते, आपला तळखडा पण त्यासाठीच, आणि तुम्ही तोच पुरलात.

सुताराचा नातू:
पावसाआधी एका खांबाभोवतीचं सिमेंट काढा आणि स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. थोडा जाऊन अडला तर खांब वाचेल, कुजकं तेवढं कापून खालून सागाचाच तुकडा जोडता येतो. सरळ आत गेला तर आधी तुळईला टेकू द्या, मग मला मेसेज करा.