बंद्यांपुढे पीडित कुटुंबाची बाजू कशी मांडावी?

प्रश्न – निवृत्त शिक्षक, अमरावती जिल्हा
शिक्षा भोगत असलेल्या बंद्यांचा वर्ग मी दर शनिवारी घेतो. त्यांतील बरेच जण धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादातून झालेल्या खुनात शिक्षा झालेले शेतकरी आहेत. स्वतःच्या घराची झालेली दैना ते तपशीलवार सांगतात. मात्र समोरच्या घराचे पुढे काय झाले असे विचारले, की "सरकारने मदत दिली असेल" एवढेच उत्तर मिळते. पीडित कुटुंबाला समोर न बसवता ही बाजू त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवावी?

उत्तर – निवृत्त कारागृह कर्मचारी
त्यांच्या याच वाक्यापासून सुरुवात करावी. पीडितांच्या भरपाईची योजना आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे, परंतु ती रक्कम आपोआप घरी येत नाही. न्यायालयाची शिफारस किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज लागतो, आणि नुकताच कर्ता माणूस गमावलेल्या घरात हा अर्ज कोण लिहिणार, हे बंद्यांनाच विचारावे. बंद्यांच्या मजुरीचा काही भाग पीडितांसाठी राखून ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच म्हटले होते, तेही त्यांना सांगावे. एक सावधगिरी मात्र बाळगा: वर्गातील हजेरीचा संबंध फर्लो किंवा पॅरोलशी, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या रजेशी, जोडू नका, नाहीतर पश्चात्तापाची वाक्ये पाठ होतील.

उत्तर – एक शेतकरी महिला, यवतमाळ जिल्हा
माझ्या पतीचा खून धुऱ्यावरूनच झाला. त्या वर्षी कपाशी शेतातच फुटून राहिली, कारण वेचणीच्या दिवसांतच माझे जबाब सुरू होते. आजही मी जवळची पांदण सोडून नाल्याकडून, अर्धा तास जास्त चालून शेतात जाते. आरोपी रजेवर आल्याचे आम्हाला कोणीही कळवले नव्हते. माझ्या मुलाला तो एसटीच्या थांब्यावर दिसला आणि त्यानंतर मुलगा आठ दिवस शाळेत गेला नाही. मदतीविषयी नंतर विचारा. रजेवर तुम्ही कोणत्या रस्त्याने घरी जाता आणि त्या रस्त्यावर कोणाचे घर लागते, हे त्यांना आधी विचारा.

प्रश्नकर्ता
ताई, येत्या शनिवारी प्रत्येकाला आपल्या गावाचा नकाशा काढायला लावतो आणि त्यावर हाच प्रश्न विचारतो. आपण लिहिलेले वर्गात वाचून दाखवण्याची परवानगी द्याल का?

शेतकरी महिला
अवश्य वाचा. गावाचे नाव तेवढे कोणाला कळू देऊ नका. मुलगा अजून त्याच थांब्यावरून शाळेत जातो.