सोफोनिस्बा अँग्विसोला आणि अंगावर पाजणाऱ्या आईचे चित्र

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव):
आमच्या वाचनालयात महिलांपुढे चित्रकलेवर बोलायचे असून, इटलीतील क्रेमोना येथे १५३२ च्या सुमारास जन्मलेली व्यक्तिचित्रकार सोफोनिस्बा अँग्विसोला हा विषय मी निवडला आहे. १५५९ मध्ये ती स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या दरबारी गेली आणि राणीला चित्रकला शिकवू लागली, इथपर्यंत सांगणे सोपे आहे. तिने १५८८ मध्ये काढलेले, सध्या बुडापेस्टच्या संग्रहालयात असलेले बाळ येशूला पाजणाऱ्या मेरीचे चित्र मात्र पडद्यावर दाखवू नये, असे काही आयोजकांचे म्हणणे आहे. शिवाय, हयातभर माणसांचे चेहरे रंगवणाऱ्या आणि स्वतःला मूल नसलेल्या या बाईने हा विषय का घेतला असावा?

उत्तर (खानापूर):
मॅडम, तिला मूल नव्हते याच्याशी चित्राचा संबंध जोडू नये, असे मला वाटते; पुरुष चित्रकारांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. विषय जुनाच होता. सिएनाच्या अँब्रोजिओ लोरेन्झेत्तीने तो चौदाव्या शतकातच रंगवला होता. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने धार्मिक चित्रांत कामुकता नसावी असे ठरवल्यावर अशी चित्रे कमी होत गेली, तरी ती थांबली नाहीत.

सोफोनिस्बाच्या काळी स्त्रियांना नग्न मॉडेल समोर ठेवून अभ्यास करण्याची मुभा नव्हती, त्यामुळे अनेक आकृत्यांची भव्य धार्मिक चित्रे त्यांच्या आवाक्याबाहेर राहत आणि घरच्या माणसांची व्यक्तिचित्रे हाच मोकळा मार्ग उरे. तिचे १५५६ च्या सुमाराचे आत्मचित्र अवश्य दाखवा. ती ईझलपुढे बसली आहे, ब्रशचा हात आधाराच्या काठीवर टेकला आहे, नजर आपल्याकडे आहे, आणि समोरच्या कॅनव्हासवर मेरी व बाळ अगदी तोंडाजवळ तोंड आणून आहेत. म्हणजे व्यक्तिचित्र आणि माता-बालक हे दोन्ही विषय तरुणपणीच तिच्या एका चौकटीत आले होते.

उत्तर (निपाणी):
वरील सरांशी मी सहमत आहे; एक भर घालतो. पाजणारी स्त्री जन्मदात्रीच असते, हे गृहीतक कलेत फारसे टिकत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बाराव्या शतकाच्या सुरुवातीचे चोळकालीन धातुशिल्प आहे, त्यात यशोदा कृष्णाला पाजते आहे, आणि कृष्ण पोटचा देवकीचा हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. फ्रान्सची चित्रकार बर्थ मोरिझो हिने तर १८८० च्या सुमारास आपल्याच मुलीला, ज्युलीला, पाजणारी दाई रंगवली. बागेच्या हिरवाईत दाईचा पांढरा पोशाख घाईघाईच्या फटकाऱ्यांत असा विरघळला आहे की चेहरा नीट ओळखू येत नाही. एक बाई पगारावर दूध पाजते आहे आणि आई समोर बसून आपले काम करते आहे, असे हे दोघींच्या कामाचे चित्र आहे. महिलांच्या सभेत यावर भरपूर बोलता येईल.

आयोजकांपुढे यशोदा आधी ठेवा. तिला कोणी नको म्हणणार नाही, आणि मग मेरीला अडवायला कारण उरणार नाही.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. क्रम तसाच ठेवते. मोरिझोचे चित्र मात्र सोफोनिस्बाच्या आत्मचित्रानंतर लगेच घेईन, कारण काम करणारी स्त्री तिथे दोन्हीकडे आहे.