ज्युपिटर हेल : युरोपावर मरीन टिकत नाही, मदत हवी आहे

ज्युपिटर हेल हा टर्न-बेस्ड शूटिंग गेम खेळणारं कुणी आहे का इथे? मरीन (सैनिकाचा क्लास) घेतलाय, हार्ड लेव्हल, शॉटगनवर भर. कॅलिस्टो (गेममधला पहिला चंद्र) आता आरामात पार होतो, पण पुढच्या चंद्रावर, युरोपावर, पोचलो की दोन-तीन मजल्यांत खेळ खलास, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

नेहमी होतं ते असं: दार उघडलं की समोर घोळका. मी खांबाआड बसतो, पण शॉटगनचा मार लांबून अगदीच फुसका. पुढे जावं तर आडोसा सुटतो, आणि गोळ्या लागून पेन (दुखापतीचा आकडा) वाढली की माझा नेमही बिघडतो. अॅड्रेनलिन हे मरीनचं खास कौशल्य वापरायला जातो, पण तोवर त्याला लागणारी फ्युरी संपलेली असते. हेलरनर आणि आयर्नमॅन हे दोन्ही ट्रेट (लेव्हल वाढली की पॉइंट घालून घ्यायचे गुण) घेऊन पाहिले. लांबच्यांसाठी रायफलही ठेवली, तर गोळ्यांनीच बॅग भरते (हा त्रास वेगळाच!).

मेडकिट जपून वापरतो, ते सांगू नका. मीडियमवर उतरायचं नाही, क्लासही बदलायचा नाही. पुढच्या बॉसबद्दलही कृपया काही फोडू नका.

एवढंच सांगा: असा घोळका दिसल्यावर आडोशालाच चिकटून राहायचं, की मागे सरकून त्यांना कोपऱ्यावर जवळ येऊ द्यायचं? आणि शॉटगनसाठी सुरुवातीचे पॉइंट कोणत्या ट्रेटमध्ये घालता?