शाखा डाकपालाची नेमणूक स्वीकारावी का? मानधन, कामाचे तास आणि पुढची वाट

प्रश्न : मामा

नमस्कार. माझ्या भाचीची ग्रामीण डाक सेवक भरतीच्या गुणवत्ता यादीत शाखा डाकपाल, म्हणजेच बीपीएम, या पदासाठी निवड झाली आहे आणि कागदपत्रांच्या पडताळणीसाठी तिला या महिन्याच्या अखेरीस बोलावले आहे. लेखी परीक्षा किंवा मुलाखत झाली नाही. दहावीच्या गुणांवरच नाव लागले. "पोरगी पोस्टात लागली" म्हणून घरात सगळे आनंदात आहेत. निवडीची सूचना मात्र मी दोनदा नीट वाचली आणि तेव्हापासून माझ्या मनात काही शंका आहेत, त्या येथे मांडतो.

ते शाखा डाकघर आमच्या गावापासून बावीस किलोमीटरवर आहे. बीपीएमने त्याच गावात राहिले पाहिजे आणि डाकघरासाठी जागाही स्वतःच मिळवून दिली पाहिजे, अशी अट आहे. शिवाय उपजीविकेचे दुसरे साधन असल्याचे लिहून द्यावे लागते, हे वाचून मी थबकलो. भाची तेवीस वर्षांची आहे, पदवीधर आहे, घरची दोन एकर जिरायत जमीन भाऊ कसतो. सध्या ती तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी कार्यालयात आठ तासांची नोकरी करते आणि तिला महिना पंधरा हजार मिळतात.

नव्या कामात हातात नेमके किती पडतील, कामाचे तास कागदावर लिहिले तेवढेच असतात का, आणि ही खऱ्या अर्थाने सरकारी नोकरी आहे का, हे ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सांगावे, अशी विनंती आहे. तिला उत्साहात पाठवून दोन वर्षांनी पश्चात्ताप करण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

उत्तर : थैलीवाला

मामा, मी सतरा वर्षे शाखा डाकपाल आहे, म्हणून आधी रकमेचे सांगतो.

आमच्या मोबदल्याला खात्यात वेतन म्हणत नाहीत, टीआरसीए म्हणतात, म्हणजे कामाच्या वेळेशी बांधलेला भत्ता. १ जुलै २०१८ पासून त्याच्या दोनच पायऱ्या आहेत, चार तासांची आणि पाच तासांची. शाखा डाकपालाला चार तासांसाठी १२,००० आणि पाच तासांसाठी १४,५०० रुपयांपासून सुरुवात मिळते. साहाय्यक शाखा डाकपाल आणि डाक सेवक यांच्यासाठी हेच आकडे १०,००० आणि १२,००० आहेत. त्यावर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या दराने महागाई भत्ता मिळतो आणि दर वर्षी तीन टक्के वाढ होते. जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के दर धरला, तर चार तासांच्या बीपीएमला १८,६०० आणि पाच तासांच्या बीपीएमला २२,४७५ रुपये होतात. घरभाडे भत्ता आम्हाला नसतो. ग्रामीण टपाल जीवन विम्याच्या पॉलिसी काढल्या किंवा पोस्ट पेमेंट्स बँकेचे काम केले, तर प्रोत्साहनपर रक्कम वेगळी मिळते. पण ती गावावर आणि स्वतःच्या ओळखीपाळखीवर अवलंबून असते, म्हणून घरखर्चाच्या हिशोबात ती धरू नये.

आता तासांविषयी. सेवकाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असा नियम आहे आणि कोणत्या शाखेला कोणती पायरी द्यायची हे तिथल्या कामाचे मोजमाप करून ठरते. खिडकी उघडी ठेवण्याची वेळ मीही पाळतो. अडचण ही आहे की मोजमाप व्यवहारांचे होते आणि आमचा वेळ माणसांमध्ये जातो. एकच उदाहरण देतो. निराधार योजनेचे पैसे काढायला माझ्याकडे एक आजी येतात. आयुष्यभर निंदणी-खुरपणी केल्यामुळे त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. यंत्रावर अंगठा ठेवला की नकार येतो. मग मी कोमट पाण्याने त्यांचा हात धुवून घेतो, फडक्याने कोरडा करतो, पुन्हा अंगठा, मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताची बोटे, असे एकेक करून पाहतो. मधेच नेटवर्क गेले तर सगळे पहिल्यापासून. हजार रुपये त्यांच्या हातात पडेपर्यंत वीस मिनिटे गेलेली असतात. नोंदीत मात्र एक व्यवहार दिसतो. त्यांना "उद्या या" असे सांगणे मला जमत नाही, आणि तुमच्या भाचीलाही जमू नये, असेच मी म्हणेन.

रोकडीची जबाबदारी पूर्णपणे डाकपालाची असते. संध्याकाळी हिशोबात शंभर रुपये कमी निघाले, तर ते खिशातून भरावे लागतात. आवर्ती ठेवीचा हप्ता घेतल्यावर पासबुकावर नोंद आणि तारखेचा शिक्का त्याच क्षणी मारायचा, "नंतर लिहून ठेवते" असे कोणालाही म्हणायचे नाही, ही सवय तिने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. आमच्यातल्या ज्यांच्यावर चौकशीची वेळ आली, त्यांतल्या पुष्कळांची सुरुवात अशाच एका राहिलेल्या नोंदीपासून झाली होती.

जागेचे भाडे आणि तिच्या स्वतःच्या राहण्याचे भाडे वजा करून मगच पंधरा हजारांशी तुलना करा. मी स्वतःच्या घरातली पुढची खोली दिली, म्हणून मला परवडले. बावीस किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीचे गणित वेगळे असणार.

उत्तर : निवृत्त डाकपाल

ही सरकारी नोकरी आहे का, या तुमच्या प्रश्नाला सरळ एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण गेली पन्नास वर्षे हा प्रश्न न्यायालयांत आणि समित्यांपुढे येत राहिला आहे. मी उपडाकघरातून निवृत्त झालो आणि माझ्या हाताखाली अकरा शाखा होत्या, त्या अनुभवावरून लिहितो.

ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची आहे. गावात टपाल थोडे, पूर्णवेळ माणूस परवडत नाही, म्हणून शाळामास्तर, दुकानदार किंवा जमीनधारक अशा, आधीच पोटापाण्याची सोय असलेल्या माणसाकडे दोन-चार तासांचे काम सोपवायचे आणि त्याबद्दल भत्ता द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. तेव्हा त्यांना खात्याबाहेरचे कर्मचारी म्हणत. ग्रामीण डाक सेवक हे नाव पुढे आले. उपजीविकेच्या दुसऱ्या साधनाची जी अट वाचून तुम्ही थबकलात, ती तिथून आलेली आहे. माझ्या मते सगळ्या मोबदल्याचे गणित या एका अटीवर उभे आहे आणि ती अट आता जुनी झाली आहे. आज या भरतीत येणारी मुले-मुली दुसरा धंदा सांभाळून येत नाहीत. हेच त्यांचे उपजीविकेचे साधन असते, आणि तरीही मोबदला मात्र ते दुय्यम साधन आहे असे धरून ठरवला जातो.

कायद्याने पाहिले तर दोन निकाल लक्षात ठेवावेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये राजम्मा प्रकरणात असे ठरवले की ही पदे शासनाखालील नागरी पदे आहेत आणि संविधानाच्या ३११व्या अनुच्छेदाचे संरक्षण त्यांना आहे. त्यामुळे चौकशी न करता, बाजू मांडण्याची संधी न देता सेवकाला काढून टाकता येत नाही. हे संरक्षण मोठे आहे, खासगी कार्यालयात ते मिळणार नाही. दुसरा निकाल २०१९ मधला, गंडिबा बेहेरा प्रकरणातला. ग्रामीण डाक सेवक म्हणून केलेली वर्षे पुढे नियमित पदावर गेल्यानंतर निवृत्तिवेतनासाठी धरता येणार नाहीत, असे त्यात ठरले. म्हणजे काढून टाकण्याच्या बाबतीत संरक्षण आहे, पण वेतन आणि निवृत्तिवेतन यांच्या बाबतीत खात्याच्या नियमित कर्मचाऱ्यांशी बरोबरी नाही. सेवानियमांतही तसे स्पष्ट लिहिलेले आहे.

वेतन आयोगाचे लाभ यांना आपोआप लागू होत नाहीत, त्यांच्यासाठी दर वेळी निराळी समिती नेमली जाते. तलवार समिती, नटराजमूर्ती समिती आणि अलीकडची कमलेश चंद्र समिती. या शेवटच्या समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये आला आणि मंत्रिमंडळाची मंजुरी ६ जून २०१८ ला मिळाली. या दोन तारखांच्या मधल्या काळात सेवकांनी किती वाट पाहिली ते मी पाहिले आहे. २२ मे २०१८ पासून त्यांचा देशव्यापी संप झाला, तेव्हा आमच्याकडे शाखांच्या थैल्या भिंतीला लावून थरावर थर रचाव्या लागल्या होत्या. खेड्यातले टपाल कोणाच्या पायांवर चालते, हे त्या दिवसांत इतरांनाही कळले.

निवृत्तीविषयी थोडक्यात सांगतो. सेवा वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत असते. मासिक निवृत्तिवेतन नाही. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, कमाल मर्यादा २०१८ मध्ये साठ हजारांवरून दीड लाख रुपये झाली आणि सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या लाभासाठी एक अंशदानाची योजना आहे. २०२४ पासून १२, २४ आणि ३६ वर्षांच्या सेवेनंतर वर्षाला अनुक्रमे ४,३२०, ५,५२० आणि ७,२०० रुपयांची वाढ देण्याची योजना आली. बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वाढ महिन्याला ३६० रुपये भरते. चाळीस वर्षे एकाच खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी ही रक्कम अगदी अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : मामा

दोघांचेही मनापासून आभार. हे सगळे मी भाचीला वाचून दाखवले. अंगठ्याचा प्रसंग ऐकून ती म्हणाली की तिच्या आजीचीही हीच अडचण आहे, आणि हे काम करायला तिला आवडेल. निवृत्तिवेतनाचे ऐकून मात्र तिची आई गप्प झाली. आता एकच विचारतो : यातून पुढे नियमित पदावर जाण्याची वाट खरोखर चालते का, की ती फक्त कागदावर आहे?

उत्तर : बटवडा

वाट चालते. मी त्याच वाटेने आलो आहे, म्हणून आवर्जून लिहितो.

मी नऊ वर्षे डाक सेवक होतो. एका शाखेतून तीन गावे आणि सात वस्त्यांचा बटवडा माझ्याकडे होता. विभागीय परीक्षा देऊन मी पोस्टमन झालो. पोस्टमनचे मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होते. ५५ टक्के महागाई भत्ता धरून ते ३३,६३५ होते आणि घरभाडे भत्ता त्यावर वेगळा. त्याखालच्या एमटीएस, म्हणजे बहुउद्देशीय कर्मचारी, पदाचे मूळ वेतन १८,००० आहे, तेही ग्रामीण डाक सेवकांसाठी खुले असते. काम टपाल वाटण्याचेच, पत्ते शोधण्याचेच, कुत्रे अंगावर येण्याचेच. पण चार तासांचा सेवक आणि आठ तासांचा पोस्टमन यांच्या मोबदल्यात जो फरक पडतो, तो नुसता तासांचा नसतो. रजा, घरभाडे, निवृत्तीची तरतूद या सगळ्यांत तो असतो. थैली तीच असताना हे अंतर एवढे का असावे, हे मला आजही पटलेले नाही.

वरच्या उत्तरातला २०१९ च्या निकालाचा मुद्दा माझ्या बाबतीत तंतोतंत खरा आहे. माझी ती नऊ वर्षे हिशोबात नाहीत. म्हणून भाचीला सांगा की रुजू व्हायचे असेल, तर परीक्षेची पात्रता पूर्ण होताच पहिल्याच संधीला अर्ज करावा. जागा मर्यादित असतात, एका विभागातले शेकडो सेवक त्याच जागांसाठी बसतात, आणि दर वर्षी वय वाढत जाते. माझे काही सोबती "पुढच्या वर्षी बघू" म्हणत राहिले आणि आता चाळिशीत त्याच भत्त्यावर आहेत. खात्याचे नियम, अंकगणित, मराठी आणि संगणकावर माहिती भरण्याचा सराव, असा अभ्यास लागतो. नियमांचा अभ्यास तर काम करता करताच होतो, फक्त रोज जे हाताने करतो ते कोणत्या नियमाखाली करतो हे संध्याकाळी पुस्तकात पाहून घ्यायचे. ती पदवीधर आहे, बीपीएमच्या कामाची वेळ अर्ध्या दिवसाची आहे. उरलेला अर्धा दिवस तिने अभ्यासाला दिला, तर बँक किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षाही तिला देता येतील. माझ्या मते या नेमणुकीची खरी किंमत १८,६०० रुपयांपेक्षा त्या मोकळ्या अर्ध्या दिवसात आहे, आणि तो दिवस भाड्याच्या व प्रवासाच्या ओढाताणीत जाणार असेल, तर मग नेमणूक स्वीकारण्यापूर्वी खरोखर विचार करावा.

बदलीचा भरवसा धरू नये. विनंतीवरून बदलीची सोय आहे, पण ती मर्यादित आहे, आणि आपल्याला हवे तेच गाव रिकामे असेल असे नाही.

पडताळणीला जाण्याआधी एक दिवस काढून तिला घेऊन त्या गावी जा. आधीच्या डाकपालाला किंवा सध्या काम पाहणाऱ्या सेवकाला भेटून ती शाखा चार तासांची आहे की पाच तासांची हे विचारा. नेमणुकीच्या कागदावर दिसण्याआधी हे तिथेच समजते. थैली किती वाजता येते आणि पावसाळ्यात तो रस्ता बंद पडतो का, हेही विचारा. जागा पाहाल तेव्हा ग्रामपंचायतीकडे किंवा शाळेकडे एखादी वापरात नसलेली खोली आहे का, याची चौकशी करा. तशी खोली मिळाली तर भाड्याचा बोजा बराच हलका होतो. आणि खोलीच्या दारात उभे राहून रेंज पाहू नका. जिथे टेबल ठेवणार, त्या जागी बसून, दार लावून घेऊन मोबाइल पाहा, कारण पैसे मोजताना दार लावलेलेच असते आणि यंत्र तिथेच चालावे लागते.