मंडळाच्या मेल लिस्टवरची चर्चा
विषय: ओडिसीचा टायमिंग बेल्ट, शनिवारच्या आत

मेघना, मिल्पिटास (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,
घाईत आहे, थेट मुद्द्यावर येते. शनिवारी दुपारी आई-बाबा एसएफओला (सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर) उतरतायत आणि मंगळवारी पहाटे सगळे मिळून गाडीने लॉस एंजेलिसला निघायचंय. आज ऑइल बदलायला गाडी डीलरकडे टाकली होती. २०१२ची होंडा ओडिसी, १,०८,००० मैल. तीच, दिवाळीला ढोल आणि सतरंज्या वाहिलेली. डीलर म्हणाला, टायमिंग बेल्ट अजून मूळचाच आहे, ताबडतोब बदला. एस्टिमेट १,४८० डॉलर, आणि त्यात वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा) नाही! पंप हवा असेल तर आणखी ३४०. त्यांचं म्हणणं असं की होंडाच्या वेळापत्रकात पंप ‘तपासा’ असं लिहिलंय, ‘बदला’ असं नाही.
फ्रीमॉन्टच्या एका गॅरेजने फोनवर १,०५० सांगितले, पंप धरून.
पंप बदलायचाच का? गॅरेजवर भरवसा ठेवू का? की आई-बाबांना फिरवून आणल्यावर बघू? नवरा शिकागोत आहे, गुरुवारी रात्री येईल. त्याच्या आत ठरवायचंय.
मेघना

नाना, फ्रीमॉन्ट (सोमवार, रात्री १०:२५)

मेघना,
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. त्या बेल्टवर आई-वडिलांना घेऊन लॉस एंजेलिसच्या वाटेवरचा ग्रेपवाइनचा घाट चढू नकोस.
इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, एका तालात ठेवतो तो हा टायमिंग बेल्ट. ह्या इंजिनात तो तुटला की पिस्टन वर येतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात. मग खर्च बेल्टचा राहत नाही, इंजिनाचा होतो. आणि बहुतेक वेळा बेल्ट आधी काही कळवत नाही. ना आवाज, ना डॅशबोर्डवर दिवा. रबराला मैलांइतकंच वयही लागतं. बरेच मेकॅनिक सात वर्षं ही मर्यादा धरतात. तुझी गाडी ती कधीच ओलांडून गेली.
पंपाचं म्हणशील तर तो त्याच बेल्टवर फिरतो. त्याच्यापर्यंत पोचायला चाक काढा, इंजिन खालून जॅकवर तोला, एका बाजूचं माउंट सोडवा, कव्हरं काढा, इतकं सगळं करावं लागतं. पैसे जातात ते ह्या उघडण्याचे. पंपाच्या वस्तूची किंमत त्या मानाने किरकोळ. एकदा उघडलंय तर पंप, टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणारे आणि वळवणारे भाग) सगळं बदलून टाकायचं. आयसिन कंपनीचा किट मिळतो, सगळं एकाच खोक्यात. गॅरेजवाल्याला विचार, कुठल्या कंपनीचे पार्ट घालणार. नाव न सांगता ‘चांगलेच घालतो’ म्हणाला तर दुसरा बघ.
नाना

शिरीष, कुपर्टिनो (मंगळवार, सकाळी ७:१०)

> एकदा उघडलंय तर पंप, टेन्शनर, आयडलर सगळं बदलून टाकायचं.

नाना, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहेच, पण ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी ‘तपासा’ लिहिलं ते काही विचार करूनच ना? मेंटेनन्स माइंडरच्या, म्हणजे गाडीच देखभालीची आठवण करून देते त्या यादीतल्या, ४ नंबरच्या कामात स्पार्क प्लग बदला, टायमिंग बेल्ट बदला, पंप तपासा, असंच आहे. डीलर पंप गळ्यात मारत नाहीये, उलट गरज नाही म्हणून सांगतोय. डीलर लुबाडतात असं आपण येताजाता म्हणतो. इथे तो प्रामाणिक निघाला तरी आपली तक्रार आहेच.
मेघना, मी तीनही गाड्या कायम डीलरकडेच नेल्या. सगळा इतिहास एका जागी राहतो, गाडी विकताना दाखवता येतो. दिवसभरासाठी दुसरी गाडी देतात. आणि रिकॉलची (कंपनीने स्वतःचा दोष दुरुस्त करून द्यायची) कामं तर डीलरकडेच होतात, तीही फुकट, गाडी तुम्ही जुनी घेतलेली असली तरी. निदान एवढं कर: एनएचटीएसए ह्या सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याच्या साइटवर गाडीचा सतरा अक्षरी ओळख क्रमांक, व्हीआयएन, टाकून रिकॉल राहिलाय का ते बघ. दोन मिनिटांचं काम आहे.
शिरीष

स्वाती, हेवर्ड (मंगळवार, सकाळी ८:०२)

शिरीषदादा, ‘तपासा’ ह्या शब्दाची किंमत आम्ही मोजलेली आहे. आमच्या आधीच्या गाडीचा बेल्ट बदलला तेव्हा पंप तपासला, ठीक आहे म्हणाले, तोच ठेवला. पुढच्या बावीस हजार मैलांत पंप गेला. ८८० हायवेवर, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, मागे धाकटी कार सीटमध्ये. तापमानाचा काटा चढायला लागल्यावर मी एसी बंद करून हीटर फुल लावला आणि काचा खाली घेऊन कशीबशी एक्झिट गाठली. जूनमधली संध्याकाळ, आत भट्टी, पोर रडून लाल. हीटर कशाला लावलास म्हणून सासूबाई नंतर रागावल्या. पण इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर निघते आणि त्यामुळेच इंजिन वाचलं.
पंपासाठी पुन्हा सगळं उघडावं लागलं. कूलंटने (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याने) भिजला म्हणून नवा बेल्टही फेकला. मजुरी दोनदा दिली. तपासताना त्यांची काही चूक होती असंही म्हणवत नाही, कारण त्या दिवशी पंप खरंच गळत नव्हता.
मेघना, पंप बदल.
स्वाती

वृंदाताई, युनियन सिटी (मंगळवार, सकाळी ९:३०)

मेघना, फ्रीमॉन्टचं कुठलं गॅरेज? मंडळाच्या मेकॅनिकांच्या यादीत आहे का? लिस्टवर नाव टाकू नकोस, मला वेगळी मेल कर. यादी मी २०११पासून सांभाळतेय आणि तिचा नियम एकच आहे: मंडळाच्या तीन वेगवेगळ्या घरांनी स्वतः काम करून घेतलेलं असलं तरच नाव चढतं. कुणाचा भाचा, कुणाचा शेजारी असं चालत नाही.
गॅरेज कुठलंही असो, फोनवरच्या आकड्यावर जाऊ नकोस. कॅलिफोर्नियात कामाला हात लावण्याआधी लेखी एस्टिमेट द्यावं लागतं, आणि त्याच्या वर खर्च जाणार असेल तर आधी तुझी परवानगी घ्यावी लागते. गॅरेजला ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे नोंदणी लागते, ती त्यांच्या साइटवर शोधता येते. आणि गाडी सोपवतानाच सांग की जुने पार्ट परत हवेत. नंतर मागशील तर टाकून दिलेले असतील. इतक्या वर्षांत ह्या एका वाक्याचा जितका उपयोग झालेला पाहिलाय तितका घासाघीस करण्याचा पाहिला नाही.
वृंदा

अनिकेत, सनीवेल (मंगळवार, दुपारी १२:१५)

सगळे अनुभवी लोक बोलतायत म्हणून मध्येच विचारतो. माझी गाडी दोन वर्षांची आहे. डीलरच्या काउंटरवर सांगितलं की ऑइल बाहेर बदललं तर वॉरंटी जाईल. खरं आहे का? नानांकडे शिकून स्वतः बदलायची फार इच्छा आहे, पण आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला बंदी आहे.
अनिकेत

नाना, फ्रीमॉन्ट (मंगळवार, दुपारी १:००)

अनिकेत, ऑइल बाहेर बदललं एवढ्यावरून वॉरंटी जात नाही. १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. वॉरंटी टिकवायची तर आमच्याकडेच या, आमचेच पार्ट घाला, अशी अट घालता येत नाही, ती सेवा किंवा पार्ट ते फुकट देत असतील तर गोष्ट वेगळी. तुझ्या कामामुळेच बिघाड झाला असं त्यांना दाखवता आलं, तर तेवढ्या बिघाडापुरतं नाकारू शकतात. म्हणून ऑइल आणि फिल्टरच्या पावत्या जपून ठेव, तारीख आणि मैल वहीत लिही, ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेच घाल.
रविवारी सकाळी आठला माझ्या ड्राइव्हवेत ये. काढलेलं ऑइल झाकणाच्या डब्यात भरायचं आणि पार्टच्या दुकानात नेऊन द्यायचं, बरीच दुकानं फुकट घेतात. केबिन फिल्टरही (गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा) दाखवीन. पुष्कळ गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दहा मिनिटं लागतात आणि पाना लागतच नाही. त्याला लोक साठ-सत्तर डॉलर मजुरी देतात त्याचं मला वाईट वाटतं.
नाना

शिरीष, कुपर्टिनो (मंगळवार, दुपारी १:४०)

> रविवारी सकाळी आठला माझ्या ड्राइव्हवेत ये.

अनिकेत, जरूर जा, पण एक गोष्ट नानांकडून नीट समजून घे. मी एकदाच घरी ऑइल बदललं. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं होतं, मला दिसलं नाही. त्याच्यावर नवा फिल्टर बसवला. इंजिन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात गराजभर ऑइल. तो डाग अजून आहे. घरी काम करायला ज्याचा हात बसलाय त्याने करावं. ज्याच्याकडे तेवढा वेळ नाही त्याने डीलरकडे जाण्यात कमीपणा कसला?
शिरीष

नाना, फ्रीमॉन्ट (मंगळवार, दुपारी २:१५)

शिरीष, कमीपणा मुळीच नाही. फिल्टर काढला की त्याचं रबर त्याच्यासोबत आलं का ते बघायचं आणि बसायच्या जागेवरून बोट फिरवायचं, एवढंच. हे कुणी आधी सांगितलं असतं तर तुम्ही आजही घरीच ऑइल बदलत असता.
आणि मी सगळं घरी करा म्हणणारा माणूस नाही. टेल्कोत पिंपरीला माझी उमेदीची वर्षं गेली, पाना हातातून सुटत नाही हे खरं. आमच्या जुन्या एमडीएक्स गाडीचा हाच बेल्ट मी ड्राइव्हवेत बदललाय. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, क्रँकच्या, पुलीचा एकोणीस मिलिमीटरचा बोल्ट सुटायलाच एक अख्खी दुपार गेली. पुली धरायचं हत्यार आणलं, चार फुटांचा पाइप लावला, मुलगा आणि मी दोघं लोंबकळलो, तेव्हा कुठे तो कडकन सुटला. नंतर बेल्ट बरोबर बसण्यासाठीच्या तिन्ही खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, टेन्शनरची पिन ओढली आणि इंजिन हाताने सहा फेरे फिरवून खुणा परत तपासल्या. एका दात्याची चूक झाली तरी इंजिन नीट चालत नाही. दोन दिवस लागले आणि दोन रात्री मला झोप नव्हती.
मेघना, आज दुपारी फोनवर तू विचारलंस, किट आणून देते, तुम्ही कराल का. पोरी, पैसे वाचले असते. पण शनिवारची मुदत डोक्यावर ठेवून करण्याचं हे काम नाही आणि आता माझ्या खांद्यात तो जोर नाही. ज्याने हे इंजिन पन्नासदा उघडलंय त्याला दे. डीलरकडे तो माणूस असेल, गॅरेजमध्येही असेल. एकच विचार: ‘महिन्यात असे किती बेल्ट करता?’
नाना

संयोजक (मंगळवार, दुपारी ३:३०)

सर्वांना विनंती, वॉरंटी आणि ऑइलची चर्चा वेगळ्या विषयाखाली करावी. पाडव्याच्या लेझीमची वेळ बदलल्याची मेल ह्या गर्दीत खाली गेली आणि काल चार मुलं सहाऐवजी पाचला येऊन हॉलबाहेर थांबली.

वृंदाताई, युनियन सिटी (मंगळवार, दुपारी ३:५०)

संयोजक, ही लिस्ट सुरू झाली तीच मुळी नव्याने आलेल्यांना डॉक्टर, मेकॅनिक आणि पिठाची गिरणी कुठे आहे हे कळावं म्हणून. चर्चा होऊ द्या. लेझीमची मेल पुन्हा पाठवा, मी स्वतः घरोघरी फोन करते.
मेघनाचं गॅरेज यादीत आहे. चार घरांनी काम केलेलं आहे.
वृंदा

मेघना, मिल्पिटास (गुरुवार, रात्री ११:०५)

मंडळी, काम झालं.
काल दुपारी गॅरेजच्या मालकांना नानांचा प्रश्न विचारला. म्हणाले, ‘ओडिसी आणि होंडाचीच पायलट धरून आठवड्याला दोन तरी.’ किटचं खोकं काउंटरवर ठेवून दाखवलं. लेखी एस्टिमेट १,०५०. आज सकाळी आठला गाडी दिली, अकराला फोन आला की बाहेरच्या बेल्टला बारीक चिरा आहेत, ६५ डॉलर जास्त होतील, करू का? फोटो पाठवला, मी हो म्हटलं. एकूण १,११५. चारला गाडी हातात.
जुने पार्ट गाडी देतानाच मागितले होते. आत्ता डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून त्याच्यावर ठेवलेत. शिरीषदादा, तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते, बेल्ट बघून काहीच वाटत नाही. सगळे दाते शाबूत, एक चीर नाही. फक्त पाठ आरशासारखी गुळगुळीत झालीय. पण पंपाला बाजूला एक छोटंसं भोक आहे, आतलं सील झिजलं की कूलंट तिथून पाझरतो. त्याच्या खाली निळसर पांढरा खरपुडा धरलाय, नखाने खरवडला तर पीठ पडतं. मालक म्हणाले, गळती नुकतीच सुरू झालेली, खाली थेंब पडण्याइतकी नाही. डीलरने गाडी न उघडता जेवढं बघता येतं तेवढं बघितलं असणार. त्यांच्यावर माझा राग नाही. पण पंप ठेवून बेल्ट बदलला असता तर स्वातीचंच झालं असतं.
व्हीआयएन टाकून बघितला, काही राहिलेलं नाही. वृंदाताई, यादीत पाचवं घर आमचं लिहा.
मेघना

स्वाती, हेवर्ड (गुरुवार, रात्री ११:२०)

हे वाचून खरंच बरं वाटलं. काका-काकूंना नमस्कार सांग. लॉस एंजेलिसला जाताना ५ नंबरच्या हायवेवर गाडीत पाण्याच्या बाटल्या मात्र ठेवच.

शिरीष, कुपर्टिनो (शुक्रवार, सकाळी ६:५५)

मेघना, खरपुड्याचा फोटो पाठव. आमच्या पायलटचे ९८,००० झालेत आणि पुढच्या महिन्यात हेच काम काढायचंय. करीन डीलरकडेच, पण पंप धरून.

नाना, फ्रीमॉन्ट (शुक्रवार, सकाळी ७:३०)

तो पंप फेकू नकोस. रविवारी आठला आई-बाबांनाही घेऊन माझ्याकडे ये, चहा-पोहे होतील. अनिकेत येणार आहे, आणखी तीन मुलं म्हणाली आहेत. ते भोक त्यांना हातात घेऊन दाखवायचंय. पुलीचं हत्यार शोधून ठेवलंय. शिरीष, तुम्हीही या, येताना जुना फिल्टर असेल तर आणा.
नाना