दोन हजारांत कानांसाठी काय घ्यावं? (ऑटिस्टिक आहे, पथकाचा सराव सुरू झालाय)

खिडकीपाशी: वय २९, पुणे, घर मुठेकाठी. ऑटिझमचं निदान तीन वर्षांपूर्वी झालं. समोर नदीपात्रात ढोलपथकाचा सराव सुरू झालाय, आता गणपतीपर्यंत रोज. ठोका थेट दातांत बसतो. ऑफिसात दिवसभर चारचौघांसारखं वागून आलो की तासभर गप्प बसल्यावर मी माणसात येतो. नेमका तोच तास गेलाय. गेल्या वर्षी बाथरूमचं दार लावून बसायचो. हेडफोन सुचवा. बजेट २०००. थेरपी नको, वस्तू सांगा.

पक्या_पेठेतला: सोनीचा एक्सएम५ हेडफोन घे, नॉइज कॅन्सलिंगवाला, बाहेरचा आवाज कापतो. माझे पंचवीस हजारांच्या वर गेले, पण विमानात इंजिन चालू आहे की बंद तेच कळेना. कानाशी काटकसर करू नये.

बोरूबहाद्दर: दोन हजार म्हणालाय तो.

पक्या_पेठेतला: ईएमआय असतो की.

पाना_नंबर_१४: हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडरवाले घालतात ते इयरमफ बघा, सहाशे-सातशेला. वर्कशॉपात वीस वर्षं घालतोय. घाम येतो, चष्म्याच्या काडीने फट राहते, तेवढं सोडा.

चिऊची_आई: माझी लेक ९ वर्षांची, ऑटिस्टिक. कुकरच्या शिटीआधीच कान झाकते. दादा, 'निरामय' काढलंत का? नॅशनल ट्रस्टचा आरोग्यविमा, एक लाखापर्यंत. थेरपीचा खर्चही बसतो त्यात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, मात्र आमच्या सात खेपा झाल्या, दर वेळी 'साहेब रजेवर'.

निवांत_काका: रोज भ्रामरी करा. आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं.

ताराराणी: होतं की काका. तेव्हा 'विक्षिप्त' म्हणायचे आणि लग्नाकार्यात मागच्या खोलीत बसवायचे.

बोरूबहाद्दर: मुळात रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. २००० सालचे नियम आहेत.

पक्या_पेठेतला: सण आला की बरे सगळ्यांचे कान दुखतात!

सहा_वीसची_लोकल: मीही ऑटिस्टिक, ठाण्याची. नॉइज कॅन्सलिंग सलग घरघरीला भारी: एसी, इंजिन, पंखा. अचानक येणाऱ्या ठोक्याला तोकडं पडतं. ताशाची कडकड फोमचे बोळे बऱ्यापैकी अडवतात, मेडिकलमध्ये मिळतात. ढोल छातीतून येतो, त्याला कान झाकून किती झाकणार? मला स्वतःला आवाजाहून तो कधी येईल हे माहीत नसण्याचा त्रास जास्त. दिवाळीत खिडकीतून वात पेटवणाऱ्याचा हात बघत बसते, मग फटाका सोसतो.

पक्या_पेठेतला: एक्सएम५ मध्ये ढोलही जातो.

पाना_नंबर_१४: इयरमफ. परत सांगतो.

खिडकीपाशी: आभार. कानाला काहीच घेतलं नाही. परवा सरळ सरावालाच गेलो. पथकातल्या ताईने विचारलं, नाव द्यायचंय का? म्हटलं, नाही, वेळापत्रक हवंय. ती आधी हसली, मग वहीचं पान फाडून लिहून दिलं: ७.१० ताशे, ७.३० ढोल, ८.१५ पाणी, ९.३० बंद. पान खिडकीला चिकटवलंय. बुधवारी जुन्या बाजारातून साडेआठशेला टेबल फॅन आणला, मान वळवताना दर वेळी टक् करतो. तो कानाशी लावून, पान बघत बसतो. बाथरूममध्ये गेलो नाही.

आज ताशे ७.१२ ला सुरू झाले. उद्या सांगणार आहे तिला.

पक्या_पेठेतला: फॅन कुठल्या कंपनीचा?